हो, आहे ती तशी

पट्टीचा शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यावर कोमट पाणी सोडलं, जरा वेळ जाऊ दिला आणि मग तो इतक्या हळू सोडवायला घेतला की थोरलीला वाटलं, एकदा काय ते फाडकन ओढा आणि मोकळं करा मला. उजवा तळवा आणि चार बोटं, सगळं लालभडक, ओलं. परक्याच्या सामानाकडे बघावं तशी ती आपल्या हाताकडे बघत होती.

"छान भरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मागं उभ्या असलेल्या नर्सला इंग्रजीत काही सांगू लागल्या.

थोरली खिडकीबाहेर बघत बसली. इंग्रजी तिच्या कानांवरून पावसाच्या पाण्यासारखं वाहून जायचं. पण त्यातला एक शब्द भर गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसा समोर आला आणि तिनं गर्रकन मान वळवली.

"काय म्हणालात?"

"कुठं काय?"

"आत्ता. क्लम्झी म्हणालात."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमच्या हाताबद्दल चाललंय. काही महिने तो क्लम्झी राहील. म्हणजे अवघडलेला. एक उचलायला जाल, दुसरंच पडेल. व्यायाम केलात की सुधारेल."

"हाताला म्हणतात होय हे?"

"हाताला म्हणतात, चालण्याला म्हणतात. एखाद्याच्या बोलण्यालासुद्धा."

"आणि अख्ख्या माणसाला?"

डॉक्टरीणबाईंनी नव्या पट्टीचं टोक शोधता शोधता तिच्याकडे पाहिलं. "माणसालाही म्हणतात. मग मात्र ते कोण म्हणतंय आणि कशापायी म्हणतंय, त्यावर आहे."

थोरली गप्प बसली. तिला ओळखणाऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर ताप तपासला असता. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या ज्या मोठ्या लाँड्रीत ती कामाला होती, तिथं तिची जीभ प्रसिद्ध होती. थोरली हे नावही तिथलंच. ती आणि तिची जोडीदारीण वर्षानुवर्षं इस्त्रीच्या मशीनवर समोरासमोर उभ्या राहायच्या. दोघी सारख्याच ठेंगण्या, सारख्याच काटक, डोक्याला सारखेच रुमाल. म्हणून कुणीतरी गमतीनं एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हटलं, नि तेच चिकटलं. धाकटी गरीब गाय. थोरली मात्र वाफेला वाफ देणारी.

ते मशीन म्हणजे एक भलामोठा तापलेला रोलर. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांत धरून ताणायची आणि त्याच्या तोंडाशी लावायची. पलीकडे ती वाळून, कडक होऊन बाहेर पडायची. रोलरच्या अलीकडे एक आडवी दांडी. तिला हाताचा नुसता धक्का लागून ती हलली की मशीन जागच्या जागी थांबणार, अशी सोय. पण चादरींना घाई होती. दांडी वरचेवर हलते, मशीन वरचेवर थांबतं, हॉस्पिटलवाले खोळंबतात, म्हणून मॅनेजरनं एक दिवस ती बाजूच्या खांबाला फाटक्या चादरीच्या पट्टीनं करकचून बांधायला लावली. थोरली तेव्हाही बोलली होती. "उद्या कुणाचा हात गेला म्हणजे तोही इस्त्री करून द्याल का?" सगळ्या हसल्या होत्या. मॅनेजरही हसला होता. दांडी बांधलेलीच राहिली.

मग एका सकाळी चादरीचा ओला कोपरा तिच्या मनगटाला गुंडाळला गेला. मनगट दांडीवर आदळलं. दांडी हलली नाही. धाकटी किंचाळत धावली, भिंतीवरचं लाल बटण तिनं दोन्ही हातांनी दाबलं, म्हणून हात कोपरापर्यंत गेला नाही. एवढं खरं होतं, आणि थोरली ते कुणापुढेही सांगायची.

शब्द आला तो त्यानंतर. मुख्य ऑफिसातून एक साहेब चौकशीला आला. त्याला इंग्रजीखेरीज दुसरं काही कळत नव्हतं. मॅनेजरच्या खोलीत एका बाजूला थोरली, हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या बाजूला धाकटी, एप्रनचं टोक मुठीत. मॅनेजर साहेबाशी बोलत होता. आवाज असा मऊ, जणू पोटच्या पोराची आजारपणं सांगतोय. मधेच थोरलीकडे बघून तो म्हणाला, "क्लम्झी," आणि मग धाकटीला विचारलं, "हो ना? खरं आहे ना?" धाकटी खाली बघत म्हणाली, "हो." साहेबानं थोरलीकडे पाहून मान हलवली. आणि थोरलीनंही हलवली. आभार मानल्यासारखी. तिला वाटलं, मॅनेजर आपली बाजू घेतोय.

पट्टी बदलून आली त्या संध्याकाळी मुलगी औषधाच्या दुकानातल्या कामावरून आली तेव्हा थोरली दारातच उभी होती.

"क्लम्झी म्हणजे काय गं?"

"चप्पल तरी काढू दे की, आई."

"काढ आणि सांग."

मुलगी दिवसभर औषधांच्या खोक्यांवरचं इंग्रजी वाचायची. तिला शब्द ठाऊक होता. ती आधी पाणी प्यायली. मग तिनं ग्लास विसळला. थोरलीनं तेवढ्यावरूनच ताडलं, की शब्द काही भला नाही.

"म्हणजे... जरा गडबडी. हातातून वस्तू सुटते ना एखाद्याच्या, तसं."

"एका शब्दात सांग. आपल्याकडे काय म्हणतात?"

"धांदरट," मुलगी म्हणाली. आईचा चेहरा बघून घाईघाईनं पुढं म्हणाली, "वेंधळी. तसं काही फार वाईट नाहीये, आई. लाडानंसुद्धा म्हणतात."

"मॅनेजर माझे लाड करत होता?"

थोरली खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. भांडखोर म्हणाले असते तर तिनं मान्य केलं असतं. तोंडाळ तर नवरा जिवंत होता तेव्हा रोज म्हणायचा आणि ती म्हणायची, बरोबर आहे, म्हणून तर तुमचं घर चाललंय. फटकळ, हेकट, आगलावी, सगळं ऐकून झालं होतं. पण धांदरट? ज्या हातांतून चादरींचे डोंगर गेले आणि एका चादरीला वाकडी घडी पडली नाही, त्या हातांना? म्हणजे मशीनचं काही चुकलं नाही. दांडी बांधणाऱ्याचं चुकलं नाही. चुकलं ते तिच्या हाताचं, की तो तिथं होता.

"आणि मी मान डोलावली," ती म्हणाली. "ऐकलंस का? तो साहेब माझ्याकडे बघत होता आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली."

"तुला कुठं माहीत होतं?"

"मला नव्हतं माहीत. पण त्या मॅनेजरला माहीत होतं, की मला माहीत नाही." तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि दुखऱ्या हातातही ती ठणठणत होती. "गोड बोलून गळा कापायचा, आणि वर आपल्यालाच म्हणायचं, मान नीट धरली नाहीस."

"आई, जाऊ दे आता. हलकं काम देतायत म्हणाले ना? उशांच्या खोळी मोजायच्या. बसून."

"आणि मशीनवर कोण?"

मुलीला ते ठाऊक नव्हतं. थोरलीला होतं. मशीनवर आता एक नवी बाई उभी होती, दोन पोरांची आई, आधी कुठंतरी भांडी घासायची. आणि दांडी बांधलेलीच होती, कारण दोष दांडीत निघालाच नव्हता.

थोरलीनं डाव्या हातानं चप्पल ओढून पायात घातली आणि ती धाकटीच्या घरी निघाली.

धाकटी दोन गल्ल्या सोडून राहायची. दार उघडून थोरलीला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. ती "ये" म्हणाली, पण दारातून बाजूला व्हायला विसरली.

"तू हो का म्हणालीस?" थोरलीनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"कशाला?"

"त्या साहेबापुढं. मी क्लम्झी का म्हणून विचारलं तुला, तू हो म्हणालीस. माहीत आहे अर्थ?"

धाकटीनं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. आत तिची सून कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीनं दार ओढून घेतलं आणि ती बाहेर आली.

"मला सांगितलं, थकलेली," ती म्हणाली. "क्लम्झी म्हणजे थकलेली, असं सांगितलं मला. मी म्हटलं, खरंच तर आहे. थकतो की आपण."

"थकलेली!"

"हो."

"धांदरट म्हणजे थकलेली?"

धाकटीनं तोंडावर हात नेला. तिचे डोळे भरले आणि ते पाहून थोरलीच्या मनातली उरलीसुरली गाठ सुटली. ती मनात म्हणाली, बघा, या गरिबाच्या तोंडून माझ्यावर शिक्का मारून घेतला, आणि हिला पत्ताही नाही. तिचा सगळा राग एका जागी गोळा झाला, आणि खरं सांगायचं तर त्यानं तिला बरं वाटलं. राग कुणावर करायचा हे नक्की झालं की माणूस अर्धा बरा होतो.

"रडू नकोस," ती म्हणाली. "उद्या मी येते तिथं. तू फक्त बघ."

"काय करणार आहेस?"

"ते मलाही अजून माहीत नाही."

सकाळी ती गेली तेव्हा लाँड्रीत काम भरात होतं. धुण्याची मशीनं घुमत होती, वाफेनं खिडक्यांच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या, गरम ओल्या कापडाचा तो वास सगळीकडे भरला होता. तिला बघून दोघीतिघींनी हाका मारल्या. "आली गं आली, तोफ आली!" ती त्यांच्याकडे न बघता तशीच पुढं गेली, तशा त्या चपापल्या.

इस्त्रीच्या मशीनवर एका टोकाला धाकटी होती आणि तिच्या, थोरलीच्या, जागेवर नवी. नवी भराभर काम शिकली होती. चादर ताणताना ती पुढं झुकायची, फार पुढं, आणि तिची बोटं रोलरच्या तोंडाशी जाऊन परत यायची. थोरली ते बघत क्षणभर उभी राहिली. मग ती सरळ त्या दोघींच्या मधे शिरली.

"बाजूला व्हा."

नवी घाबरून मागं सरली. धाकटीनं हातातली चादर खाली सोडली आणि मशीन बंद केलं. थोरलीनं डावा हात पुढं केला आणि दांडीला बांधलेल्या पट्टीची गाठ सोडवायला घेतली.

गाठ सुटेना. वाफ खाऊन खाऊन ती दगडासारखी झाली होती. डाव्या हाताच्या बोटांना कधी असल्या कामाची सवय नव्हती. नख लावायला जावं तर ते घसरायचं, टोक धरावं तर सुटायचं. ती ओढत राहिली. घाम डोळ्यांत उतरला. आजूबाजूच्या बायका कामं टाकून जमल्या, पण पुढं कुणी झालं नाही.

मॅनेजर वरून जिना उतरून आला. तो नेहमीसारखाच इस्त्रीच्या शर्टात होता, नेहमीसारखाच हसरा.

"अहो, हे काय? तुम्हाला आराम सांगितलाय ना? हाताला लागेल पुन्हा."

"त्या शब्दाचा अर्थ सांगा," थोरली गाठीवरचा हात न काढता म्हणाली.

"कुठल्या शब्दाचा?"

"साहेबापुढं बोललात तो. इथं सगळ्या आहेत. मोठ्यानं सांगा, आपल्या भाषेत."

मॅनेजरनं जमलेल्या बायकांकडे पाहिलं. हसू थोडं उणं झालं. "साधा शब्द आहे तो. कामाच्या घाईत माणूस गडबडतो, एवढंच. तुमच्याबद्दल मला आदरच आहे."

"ही दांडी कुणी बांधायला लावली, ते सांगितलंत त्याला?"

"हे पाहा, तो विषय वेगळा—"

"वेगळा कसा? माझं मनगट याच दांडीवर आपटलं. ही हलली असती तर मी आज इथं चादरी लावत असते आणि तुम्ही वर चहा पीत असता." तिचा आवाज चढला. छतापर्यंत गेला. "चोर सोडून संन्याशाला सुळावर द्यायचं, तर द्या. पण त्या संन्याशाकडून मान तरी डोलावून घेऊ नका! आणि ही धाकटी, हिला काय सांगितलंत? क्लम्झी म्हणजे थकलेली? तुम्हाला काहीच वाटलं नाही, असं एका बाईला फसवून दुसरीचा गळा कापायला?"

"थकलेली?" मॅनेजर म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता. ते थोरलीला दिसलं आणि तिचं पुढचं वाक्य घशातच राहिलं. "थकलेली असं मी कशाला सांगेन? मी तिला अर्थ नीट समजावून विचारलं होतं. साहेब यायच्या आधी, वर बोलावून. दोनदा विचारलं." तो धाकटीकडे वळला. त्याचा मऊपणा आता पार गेला होता. "काय गं? सांग ना. धांदरट आहे का ती, असंच विचारलं होतं ना? आणि तू काय म्हणालीस? हो, आहे ती तशी. हेच शब्द होते ना तुझे?"

धुण्याचं एक मशीन पाणी सोडून थांबलं आणि मोठा गडगडाट अचानक निम्मा झाला. धाकटी मान खाली घालून उभी होती. तिनं नाही म्हटलं नाही.

थोरली तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर जी जीभ कधी मागं हटली नव्हती, ती टाळूला चिकटून बसली. तिनं पुन्हा गाठीकडे तोंड फिरवलं आणि ती आंधळ्यासारखी ओढू लागली. बोटाचं नख मुळाशी मोडलं. तिला ते कळलंही नाही.

तेवढ्यात धाकटी मशीनला वळसा घालून आली. तिनं थोरलीचा हात बाजूला सारला. थोरलीनं तो झटक्यानं मागं घेतला, चटका बसावा तसा. धाकटीनं गाठीला दोन्ही हात लावले, मग खाली वाकून दात लावले.

"ती गाठ सोडलीस, तर उद्यापासून यायचं नाही," मॅनेजर म्हणाला.

धाकटीनं दातांतलं टोक सोडलं नाही. गाठ आधी कुरकुरली, मग एकदम ढिली पडली. तिनं पट्टी ओढून काढली, मळक्या चादरींच्या ढिगावर फेकली आणि पाऊल मागं घेऊन ती उभी राहिली. तिच्या ओठाला रक्त आलं होतं.

कुणीतरी मशीन सुरू केलं. रोलर फिरू लागला. नवी पुढं आली. तिनं एका बोटानं, गाईच्या शिंगाला लावावं तसं भीत भीत, दांडीला ढकललं. रोलर जागच्या जागी थांबला.

"हे असं थांबतं?" ती म्हणाली. तिनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मला कुणी सांगितलंच नाही."

मॅनेजर काहीतरी म्हणाला. पण तोवर पलीकडच्या मशीनवरच्या दोघी आपल्या मशीनचीही बांधलेली दांडी चाचपायला गेल्या होत्या, आणि कुणीतरी कात्री मागत होतं.

थोरली फाटकाबाहेर पडली. रस्त्यावर कडक ऊन होतं. मागून पावलं वाजली, ती तिनं ओळखली. त्या पावलांच्या तालावर तिनं जन्मभर चादरी लावल्या होत्या. ती थांबली, पण वळली नाही.

"वर बोलावून मॅनेजर म्हणाले, दोघींपैकी एकीचं नाव लागणार," धाकटी मागून म्हणाली. "मशीनच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तू, म्हणाले."

"मग माझं दिलंस."

"हो."

समोरून एक ट्रक गेला.

"आणि काल दारात रडलीस, ते?"

"ते खरं होतं," धाकटी म्हणाली. मग म्हणाली, "तू मला बोल. काहीही बोल. तू गप्प राहिलीस की मला भीती वाटते."

थोरली आता वळली. धाकटीच्या अंगावर अजून एप्रन होता, ओठावरचं रक्त वाळत होतं. थोरलीनं मनातल्या सगळ्या शिव्या एकेक करून काढून पाहिल्या. मॅनेजरला बसतील अशा पुष्कळ होत्या.

"तुला बसेल अशी सापडत नाहीये," ती म्हणाली. "सापडली की येईन घरी."

"ये."

"आणि त्या दिवशी माझ्यापुढं हात जोडायचे नाहीत, रडायचं नाही. सुनेसमोर बोलेन मी."

"बरं."

"दार लावून घेऊ नकोस."

एवढं बोलून ती रस्ता ओलांडायला निघाली, ताठ, तरातरा, एक हात गळ्यात आणि दुसऱ्याची मूठ वळलेली.